अटेस्टेड पूर्वज

आपल्याला पूर्वज असतात ही गोष्ट माणूस गृहीतच धरून चालतो. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मीही धरली होती. पण दोन हजार एक सालच्या जानेवारीत, दुबईच्या देरा भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये, हारुनभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं, "पुरखे हैं, वो ठीक है साब. मगर अटेस्टेड हैं क्या?" तिथून माझी जी घसरगुंडी सुरू झाली, ती जूनअखेरपर्यंत थांबली नाही.

ज्यांनी गल्फ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे कुठलीही गोष्ट खरी व्हायला तिच्यावर शिक्के लागतात. माझं बी.कॉम. खरं व्हायला सात शिक्के लागले. माझं लग्न खरं व्हायला पाच. जीन, म्हणजे माझी बायको, म्हणते की हे पाच शिक्के लग्नाच्या आधी मारायचा नियम असता तर तिला विचार करायला थोडा वेळ मिळाला असता. शिक्के मारून झाले की तो कागद हारुनभाईंसारख्या माणसाकडून अरबीत टाईप करून घ्यायचा, मग तो सरकारदरबारी चालतो. हारुनभाई मूळचे भटकळचे. पंचवीस वर्षं लोकांची लग्नं, बाळंतपणं आणि नोकऱ्या टाईप करत बसलेले. पूर्वज मात्र त्यांच्याकडे पहिल्यांदाच येत होता.

मी लिओनार्ड मच्याडो. मूळ गाव वसई, नोकरी जबल अली बंदरातल्या एका शिपिंग कंपनीत, हुद्दा सीनियर डॉक्युमेंटेशन क्लार्क. यातलं 'सीनियर' मला पगारवाढीच्या ऐवजी मिळालं होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर विन्स्टन बसायचा. विन्स्टन गोव्याचा. आमचं काम एक, स्टेपलर एक, चहाचा कप सोडला तर बाकी सगळं एक. डिसेंबरात विन्स्टनला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला. त्याचा आजा पोर्तुगीजांच्या राज्यात जन्मला, त्याचा बाप जन्मला, तेव्हा कायद्यानं तो पोर्तुगीज ठरला. लगेच एचआरनं त्याला युरोपियन ग्रेडमध्ये टाकलं. पगार तीन हजार आठशेवरून साडेनऊ हजार दिरहम. म्हणजे सव्वा लाख रुपये! त्याच खुर्चीत, त्याच स्टेपलरसकट.

मी एरवी कोणाचं चांगलं झालेलं पाहून जळणारा माणूस नाही. जळतो, पण दाखवत नाही. त्याच महिन्यात मात्र मलाही एक पत्र आलं. कंपनीनं पगारांची फेररचना केली होती आणि त्या रचनेत मी बेचाळीसशेवरून सदतीसशेवर आलो होतो. पाचशे दिरहमचं मला काही नव्हतं. म्हणजे होतं, साडेसहा हजार रुपये होतात, पण ते पोट आवळून निभावलं असतं. खरी मेख वेगळीच होती. चार हजारांच्या खाली पगार असेल तर बायको-मुलांचा व्हिसा मिळत नाही. जीनचा आणि आमच्या केलीचा व्हिसा तीस जूनला संपत होता. तोपर्यंत माझा पगार चार हजारांवर गेला नाही तर त्या दोघी वसईला आणि मी इथे बॅचलर.

बॅचलर हा शब्दही समजून घेतला पाहिजे. गल्फमध्ये ज्याची बायको इथे नाही तो बॅचलर, मग त्याला भारतात नातवंडं का असेनात. मी चौऱ्याऐंशी साली इथे आलो तेव्हा जीनला सहावा महिना होता, आणि मी बॅचलर झालो. पुढची आठ वर्षं तसाच होतो. केलीनं बालवाडी केली, दोन दात पाडले, सायकल शिकली, ते सगळं मी फोटोत पाहिलं. ब्याण्णवला त्या दोघी इथे आल्या तेव्हापासून आम्ही घर म्हणावं असं काहीतरी केलं होतं. पुन्हा बॅचलर होण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून मी पोर्तुगीज व्हायचं ठरवलं.

आता कोणाला वाटेल, हे काय मध्येच. पण आमच्या घराण्याचा मूळपुरुष पोर्तुगीज होता हे वसईत आमच्या आळीतलं पोरही सांगेल. लिस्बनहून निघालेला एक मच्याडो आधी होर्मुझला आला, तिथून खोरफक्कानच्या किल्ल्यात राहिला आणि तिथून गलबतानं वसईला येऊन स्थायिक झाला, असं बाबा सांगायचे, त्यांना त्यांचे बाबा सांगायचे. पुरावे तीन. एक, आडनाव. दोन, आजोबांचे घारे डोळे. तीन, औषधाच्या डबीत जपून ठेवलेलं एक पितळी बटण. आणि विशेष म्हणजे यातलं खोरफक्कान आमच्या दुबईपासून दोन तासांवर. माझा पूर्वज माझ्याआधी पावणेचारशे वर्षं गल्फमध्ये येऊन गेला होता, आणि तोही साहेब म्हणून.

विन्स्टननं मला सावध केलं, नाही असं नाही. "अरे पात्रांव, लिसन टू मी. गोव्यात पोर्तुगीज एकसष्टपर्यंत होते. तुमच्या वसईतून सतराशे एकोणचाळीसला गेले. दोनशे बासष्ट वर्षं लेट आहेस तू!"

"उशीर झाला म्हणून रक्त बदलतं का?" मी म्हणालो.

"रक्त नाय विचारत ते. कागद विचारतात."

"मग कागद आणतो," मी म्हणालो. या वाक्यानं माझ्या आयुष्यातले सहा महिने खाल्ले.

ही बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये पसरली ती उपेंद्रमुळे. उपेंद्र करमरकर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो, अल क्वोजला एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघतो, मूळ डोंबिवली. जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचा सल्ला तयार असतो आणि बहुतेक वेळा तो विषय सुरू व्हायच्या आधी मिळतो. त्या संध्याकाळी तो चहाला आला आणि सतराशे एकोणचाळीस हे साल ऐकताच त्याची छाती फुगली.

"वसईचा वेढा! अरे, आमचे एक पूर्वज होते त्यात. पेशव्यांच्या फौजेत. तोफखान्याकडे!"

मी कप खाली ठेवला. "म्हणजे तुझ्या घराण्यानं माझा पासपोर्ट घालवला."

"म्हणजे?"

"तुम्ही लोक वसईत आला नसता तर पोर्तुगीज एकसष्टपर्यंत राहिले असते. मी आज साडेनऊ हजारांवर असतो."

"अरे, पण तो स्वराज्याचा प्रश्न होता!"

"केलीच्या शाळेचा प्रश्न आहे, उपेंद्र."

उपेंद्र वाद घालण्यात पटाईत, पण या मुद्द्यावर तो खरोखर खजील झाला. त्याची बायको सत्यभामा त्याला म्हणालीसुद्धा, "बघा, तुमच्या घरात पहिल्यापासूनच दुसऱ्याच्या भानगडीत पडायची खोड." जीननं मला डोळ्यांनी दटावलं आणि सगळ्यांना पुन्हा चहा दिला. जाताना उपेंद्र दारात थांबून म्हणाला, "मच्याडो, गाडी माझी आहे. कुठेही जायचं असेल तर सांग. परिमार्जन समज."

हारुनभाईंच्या मते पूर्वज सिद्ध करायचा तर साखळी खालून वर बांधत न्यायची. म्हणजे केलीपासून. प्रत्येक पिढीचा जन्माचा किंवा बाप्तिस्म्याचा दाखला, त्यावर शिक्के, मग अरबी भाषांतर, पन्नास दिरहम पिढीमागे. "साडेसहाशे रुपये पिढी," मी मनात म्हटलं. तेरा-चौदा पिढ्या होत होत्या. त्यात सवलत मागितली तर हारुनभाई म्हणाले, "साब, दादा-परदादा में कन्सेशन अच्छा नहीं लगता."

मग त्यांनी केलीचा बाप्तिस्म्याचा दाखला हातात घेतला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "ये रिमार्क क्या है? फादर अब्रॉड?"

"मैं इधर था. छुट्टी नहीं मिली."

"बच्ची को पकड़ा कौन?"

"मेरा साला. गॉडफादर."

हारुनभाईंनी मान हलवली आणि दाखला फाईलमध्ये लावला. मी केलीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चौदा महिन्यांची होती. मला बघून तिनं जे भोकाड पसरलं ते मामाच्या खांद्यावर जाईपर्यंत थांबलं नाही, आणि खांद्यावर गेल्यावर ती त्याला 'डॅडी' म्हणाली. आमच्या घरी हा विनोद नाताळात दरवर्षी होतो. सगळे हसून झाले की मीही हसतो.

माझा दाखला मिळाला, बाबांचा मिळाला, आजोबांचाही वाळवीनं खाल्लेला मिळाला. त्याच्या वरचं सगळं गावच्या चर्चमधल्या जुन्या वह्यांत होतं. मी बाबांना फोन केला. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अजून केळीच्या वाडीत सायकलवर जातात.

"फादरना विचारतो," ते म्हणाले. "पण आधी सांग, मूळपुरुषाचा किल्ला पाहिलास?"

"नाही बाबा."

"सतरा वर्षं तिथे आहेस. दोन तासांवर आहे म्हणतोस. आणि गेला नाहीस?"

"इथे किल्ला बघायला सुट्टी देत नाहीत, बाबा."

"आधी जा. त्याच्या नावानं मेणबत्ती लाव. मग मी फादरकडे जातो. उपाशी पूर्वज कोणाच्या मदतीला येत नाही."

मार्चमधल्या एका शुक्रवारी आम्ही सहपरिवार निघालो. उपेंद्रच्या जुन्या निस्सानचा एसी फक्त उतारावर चालायचा आणि खोरफक्कानचा रस्ता डोंगर चढून जातो. मसाफीच्या बाजारात सत्यभामावहिनींनी सहा फुटी गालिचा घेतला. तो डिकीत मावेना म्हणून टपावर बांधला. त्याचं एक टोक सुटून पुढच्या काचेवर यायला लागलं, तेव्हा उपेंद्र गाडी चालवत होता आणि मी खिडकीतून हात काढून गालिचा धरून बसलो होतो. जीननं त्याच बाजारात केळी हातात घेऊन पाहिली, नाक मुरडलं आणि परत ठेवली. वसईच्या माणसाला परदेशात सगळं आवडू शकतं, केळी सोडून.

"केली, बघ, तुझे पूर्वज याच डोंगरातून गेले असतील," मी मागे वळून म्हणालो.

"ऑन अ कार्पेट, डॅड?" केली म्हणाली आणि तिनं वॉकमनचा आवाज वाढवला. केलीला मराठी सगळं समजतं. बोलत मात्र नाही.

खोरफक्कानमध्ये किल्ला नव्हता. समुद्रकाठी छान रस्ता होता, दिवे होते, बाकं होती. पेट्रोल पंपावरच्या माणसानं बदामाच्या झाडाखाली बसलेल्या एका वृद्ध गृहस्थाला विचारलं, त्यांनी हातानं समुद्राकडे असं काही केलं की ते 'होता' असंही असेल किंवा 'जा इथून' असंही असेल. उत्तरेला पाच-सात किलोमीटरवर जुन्या भिंती आहेत असं मग कोणीतरी सांगितलं. तिथे गेलो. एका टेकाडावर कमरेइतकी दगडांची भिंत, भोवती तार, आत एक बकरी.

मी भिंतीला हात लावला. खरं सांगतो, मला भरून आलं. सतरा वर्षं या देशात मी दर तीन वर्षांनी शिक्का मारून घेत जगलो. इथलं काहीच माझं नव्हतं, घरातला पंखासुद्धा घरमालकाचा. आणि इथे माझं कोणीतरी साहेबासारखं राहिलं होतं! मी खिशातून मेणबत्ती काढली. वारा होता. सात काड्या वाया गेल्या, आठवी पेटली, पण मेणबत्तीला लागायच्या आधी वाळक्या गवताला लागली.

गवत किती पटकन पेटतं हे वसईच्या माणसाला माहीत नसतं. बकरी पळाली. उपेंद्रनं प्रसंगावधान राखून थर्मासमधला सगळा चहा ओतला. जीननं पाण्याची बाटली ओतली. आग विझली, पण धूर बराच वर गेला होता, आणि पाच मिनिटांत पोलिसांची जीप आली.

पोलीस चौकीत आम्हाला चहा दिला. मी हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडचा चहा संपला होता. समोरचा अंमलदार तरुण होता, शांत होता, हिंदी चांगलं बोलत होता, आणि एका भारतीय क्लार्कनं तार ओलांडून दगडांपाशी मेणबत्ती का लावावी हे समजून घेण्याची त्याची प्रामाणिक इच्छा होती.

"मेरे दादा के दादा के दादा इधर रहते थे," मी म्हणालो.

"इधर? कब?"

"सोला सौ बीस."

त्यानं ते लिहून घेतलं. "वीज़ा?"

"उस टाइम वीज़ा नहीं था."

"कफील कौन था?"

कफील म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर तुम्ही या देशात राहता तो. कफिलाशिवाय माणूस इथे नसतोच. मी बराच विचार केला. "पुर्तगाल का राजा," मी म्हणालो. त्यानं तेही लिहिलं.

"फिर वापस गया?"

"हाँ, इंडिया गया."

"कैंसल करके गया, कि भाग के गया?"

उपेंद्र मध्ये पडून म्हणाला, "सर, अ‍ॅक्चुअली उसके बाद हमारे लोगों ने तोप लेकर..." जीननं त्याच्या पायावर पाय दिला.

तासाभरानं एक अरबी कागद पुढे आला. एका शिपायानं अर्थ सांगितला. ज्या जागेत माझा पूर्वज राहत होता असं मी म्हणतो, त्या जागेवर माझा, माझ्या वारसांचा किंवा त्या पूर्वजाचा कसलाही हक्क नाही आणि तो मी पुढे कधी सांगणार नाही. मी सही केली. त्यांनी शिक्का मारला आणि एक प्रत मला दिली. "यल्ला, खलास," अंमलदार म्हणाला आणि त्यानं हात मिळवला. "जुम्मा है. फॅमिली को बीच दिखाओ."

हारुनभाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "साब! इस में आप के पुरखे का ज़िक्र है. गवर्नमेंट का स्टॅम्प है. ये तो अटेस्टेड है!" पूर्वजाचा एकमेव अटेस्टेड कागद मिळाला होता, आणि त्यात त्याचं इथे काहीही नाही असं लिहिलं होतं. हारुनभाईंनी तो फाईलमध्ये सगळ्यात वर लावला.

बाबा कबूल केल्याप्रमाणे फादरकडे गेले. एकदा नव्हे, पाच वेळा गेले. पहिल्यांदा फादर नव्हते, दुसऱ्यांदा किल्ली नव्हती, तिसऱ्यांदा लेंटचे उपास चालू होते, चौथ्यांदा फादरांनी वही काढली आणि दोघांनी मिळून तिच्यातली झुरळं काढली. मूळ वह्या केव्हाच गेल्या होत्या, पण कोणा जुन्या पाद्रींनी केलेली नक्कल होती. पोर्तुगीजमध्ये. बाबांना त्यातलं 'मच्याडो' एवढंच वाचता आलं, पण पाचव्या खेपेला सगळ्यात जुनं 'मच्याडो' त्यांनी शोधून काढलं. दहा जूनला वसईच्या एसटीडी बूथवरून त्यांनी ते पान फॅक्स केलं. ते माझ्याऐवजी एचआरच्या मशिनवर आलं. एचआरची मॅनेजर स्वतः ते घेऊन आली आणि म्हणाली, "मिस्टर मच्याडो, इज धिस युवर फादर?" मी म्हणालो, थोडं वर.

व्हिसा संपायला वीस दिवस होते. मी पान विन्स्टनपुढे ठेवलं. "वाच."

विन्स्टन त्याकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला पोर्तुगीज येत नाय, पात्रांव."

"तू पोर्तुगीज आहेस ना?"

"पासपोर्ट आहे."

साडेनऊ हजारांचा पोर्तुगीज! शेवटी तो फॅक्स मडगावला त्याच्या आईकडे गेला. ती म्हातारी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. दोन दिवसांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत विन्स्टन तिनं फोनवर सांगितलेलं लिहून घेऊन आला. कॅन्टीनच्या मागे कंपनीच्या बसेस उभ्या राहतात तिथे सावलीत उभं राहून त्यानं मला वाचून दाखवलं.

सोळाशे तेवीस, नऊ डिसेंबर. आज बाश्तियांव या मुलाचा बाप्तिस्मा केला. बाप भिवा, या गावचा, दगड घडवणारा. आई नर्मदा. बाप हजर नाही. त्याला राजाच्या किल्ल्याच्या कामावर खोरफक्कानला नेलेलं आहे. बाप नसल्यामुळे मानुएल मच्याडो, तोफेवरचा गोलंदाज, यानं मुलाला हातात धरलं आणि आपलं आडनाव दिलं.

"म्हणजे मच्याडो..." मी म्हणालो.

"मच्याडोनं फक्त बेबी धरलं, पात्रांव. पाच मिनिटं."

"आणि आमचा..."

"भिवा."

मी विचारलं, "पुढे? भिवाचं पुढे काय झालं?"

विन्स्टननं कागद उलटून पाहिला. "पुढे दुसऱ्याच्या पोराचा बाप्तिस्मा आहे."

जबल अलीत जूनमध्ये दुपारी उभं राहणं म्हणजे काय ते सांगत नाही. मी उभा राहिलो. समोर कामगारांची बस आली, पन्नासएक माणसं उतरली, डोक्याला फडकी बांधलेली, हातात डबे. चारशे वर्षं आमच्या घराण्यानं गोष्ट जपली होती, आणि जाणं-येणं तेवढं उलटं सांगितलं होतं. खोरफक्कानहून वसईला कोणी आलं नव्हतं. भिवा वसईहून खोरफक्कानला गेला होता. मी ज्या भिंतीला हात लावून रडवेला झालो तिच्यात राहणारा तो नव्हता, तसल्या भिंतींचे दगड घडवणारा होता. आमच्या घराण्यातला पहिला गल्फवाला. बॅचलर. कफील मात्र मी चौकीत अगदी बरोबर सांगितला होता.

संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांना सगळी नोंद वाचून दाखवेपर्यंत कार्डाचे निम्मे दिरहम पळाले होते.

"दगडफोड्या होता म्हणजे," ते म्हणाले. "आणि बटण?"

"ते कोणाचं ते फादरांनाच विचारा."

"ती नर्मदा पोर घेऊन एकटी गेली असणार चर्चात," बाबा म्हणाले. "जीन गेली होती तशी." मग ते म्हणाले, बिल वाढतंय, ठेव.

उपेंद्रला सांगितलं तर त्याचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे आम्ही तुझं काहीच घालवलं नाही! तू तर आमचाच की रे!" मग दारात थांबून, सत्यभामावहिनी ऐकत नाहीत असं बघून त्यानं कबूल केलं, "आणि खरं सांगू का, आमचे ते तोफखान्याकडे नव्हते. बैलांची वैरण मोजायचे."

"म्हणजे तेव्हाही अकाउंट्समध्येच," मी म्हणालो.

मी आणखी काही दारं ठोठावली. पगारवाढीचा अर्ज केला, एचआरची मॅनेजर म्हणाली, पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. दुसरीकडे नोकरी शोधली, सगळे विचारत, पासपोर्ट कुठला? एक दिवस ऑफिसातून आलो तर जीननं स्वयंपाकघरातली भांडी दोन भागांत मांडली होती. एका भागात एक ताट, एक वाटी, एक पेला आणि छोटा कुकर. "शिट्टी तीनच द्यायच्या," ती म्हणाली. "तू मोजत नाहीस."

तेव्हा मला कळलं की सगळं ठरलेलं आहे. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. बॅचलरला बाथरूमसमोर रांग असते, म्हणून हेही आत्ताच उरकून घेतलं असं म्हणा.

दोघींच्या व्हिसा कॅन्सलेशनचा अर्ज हारुनभाईंनीच टाईप केला. पूर्वजाची फाईल त्यांनी मला परत दिली, वर रबरबँड लावून. पैसे द्यायला गेलो तर हात आडवा केला. "रहने दो साब. मेरी भी फॅमिली भटकल में है." सतरा वर्षांत हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्याकडे सगळी दुबई आपली बायको-मुलं टाईप करून घ्यायला यायची.

एकोणतीस जूनला दुपारचं विमान होतं. उपेंद्र आणि सत्यभामावहिनी सोडायला आले होते, आणि वहिनींनी तो मसाफीचा गालिचा जीनला देऊन टाकला, त्यामुळे वजन सहा किलोनं जास्त भरलं. मी काउंटरवर हुज्जत घातली. माझा आवाज चढला, जरा जास्तच चढला, आणि काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडे आणि मग केलीकडे बघून गालिचा तसाच जाऊ दिला. माझी बॅग देऱ्यात एका खोलीत आदल्या दिवशीच पोहोचली होती. सहा जणांची खोली, मला खालचा पलंग मिळाला होता. वयाचा मान.

जीननं माझी कॉलर सरळ केली. "फोन रविवारी कर. रोज करू नकोस." ती पुढे गेली, आणि वळून पाहणार नाही हे मला माहीत होतं, कारण मागे एकदा वळून पाहिलं होतं तेव्हा तिला फार त्रास झाला होता.

केली मागे राहिली. वॉकमन गळ्यात, कानांत काही नाही.

"डॅड, दॅट भिवा. डिड ही कम बॅक?"

मी म्हणालो, "आला."

"इज इट रिटन?"

"लिहिलंय."

"अटेस्टेड?"

"अटेस्टेड."

सोळा वर्षांच्या पोरीला बाप खोटं बोलतो तेव्हा कळतं. तिनं वॉकमनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली.

"मग तू पण ये," केली म्हणाली.

मराठीत. चौदा महिन्यांची असताना ती मला बघून रडली होती, आता रडली नाही. पासपोर्ट हातात धरून ती रांगेत गेली, काचेपलीकडे आईजवळ पोहोचली, आणि तिथून तिनं हात केला. मीही केला. उपेंद्रनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नेमका तेव्हा त्याच्याकडे काही सल्ला नव्हता.

वहीतली पुढची नोंद दुसऱ्याच्या पोराची आहे, हे मी तिला सांगितलं नाही.